आधी नागरिक : युद्धात घडत गेलेली युक्रेनी ओळख

युक्रेनमधले समाजशास्त्रज्ञ १९९२ पासून आपल्या देशवासीयांना एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आले आहेत : तुम्ही स्वतःला सर्वांत आधी कोण समजता? उत्तरासाठी पर्याय दिलेले असतात. आपल्या गावाचा रहिवासी, आपल्या प्रांताचा रहिवासी, युक्रेनचा नागरिक, आपल्या वांशिक समूहाचा माणूस, पूर्वीच्या सोव्हिएत संघाचा नागरिक, युरोपचा, जगाचा. पहिल्या पाहणीत ‘युक्रेनचा नागरिक’ हे उत्तर देणारे निम्म्याहून कमी होते. अनेकांना देशापेक्षा गाव जवळचं वाटत होतं, आणि जगाच्या नकाशावरून पुसल्या गेलेल्या सोव्हिएत संघाचं नाव घेणारेही बरेच होते. पुढची वीस वर्षं हा आकडा पन्नाशीच्या आसपास घुटमळत राहिला. २०१४ नंतर तो वर सरकला. रशियाच्या मोठ्या आक्रमणाच्या तोंडावर तो सुमारे ६५ टक्क्यांवर होता, आणि जुलै २०२२ मध्ये, आक्रमणाला पाच महिने झाले असताना, सुमारे ८५ टक्क्यांवर गेला. सोव्हिएत नागरिक म्हणवून घेणारे तोवर नावापुरते उरले होते.

हा शेवटचा आकडा थोडा जपूनच वाचायला हवा. युद्धकाळात पाहण्या फोनवरून होतात. रशियाच्या ताब्यातल्या भागातला माणूस त्यांत धडपणे सापडत नाही, आणि परदेशात गेलेले लाखो लोकही बहुतेक वेळा सुटतात. तरीही तीस वर्षांची चढती रेषा खोटी म्हणता येणार नाही. मला त्या रेषेहून त्या उत्तराची जात महत्त्वाची वाटते. लोकांनी ‘मी युक्रेनी वंशाचा’ असं म्हटलेलं नाही, ‘मी युक्रेनचा नागरिक’ असं म्हटलं आहे. बाँब पडायला लागले की माणसं रक्ताच्या नात्याकडे, धर्माकडे, भाषेकडे धावतात, असं इतिहासात वारंवार दिसतं. युक्रेनमध्ये तेही घडलं, पण त्याआधी आणि त्याहून जोराने माणसं नागरिकत्वाकडे धावली. असं का झालं, हे समजून घेण्यासाठी युद्धाच्या मागे जावं लागतं.

ऑक्टोबर १९९१ मध्ये, स्वातंत्र्याची घोषणा होऊन जेमतेम दीड महिना झाला असताना, युक्रेनच्या संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला. त्या वेळी युक्रेनच्या भूमीवर कायमचा राहणारा माणूस रशियन असो, ज्यू असो, बल्गेरियन असो की ग्रीक, त्याला युक्रेनी येत असो वा नसो, तो नव्या देशाचा नागरिक झाला. एस्टोनिया आणि लॅटव्हियाने वेगळी वाट धरली. सोव्हिएत काळात येऊन राहिलेल्या रशियनांना तिथे भाषेची परीक्षा देऊन नागरिकत्व मिळवावं लागलं, आणि कित्येक जण अनेक वर्षं कुठल्याच देशाचे नागरिक नव्हते. युक्रेनने दरवाजा सताड उघडा ठेवला. त्यामागे उदारपणा होता तसा हिशेबही होता. रशियन वंशाचे लोक एक कोटीहून अधिक होते, त्यांना बाहेर ठेवून देश उभाच राहिला नसता.

१ डिसेंबर १९९१ रोजी स्वातंत्र्यावर सार्वमत झालं आणि ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला. दोन्येत्स्क आणि लुहान्स्क या पूर्वेकडच्या खाणप्रांतांत होकार ८० टक्क्यांच्या वर होता. सर्वांत कमी होकार क्रायमियात आला, पण तिथेही तो निम्म्याहून अधिक होता. एकाही प्रांताने नकार दिला नाही. व्लादिमिर पुतिन यांनी जुलै २०२१ मध्ये एक लांबलचक लेख लिहून रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत असं मांडलं. तो वाचताना या सार्वमताची आठवण ठेवावी. माणसं कोण आहेत हे त्यांना विचारून ठरवायचं असेल, तर त्यांना तीस वर्षांपूर्वीच विचारून झालं होतं.

अर्थात दरवाजा उघडा असला म्हणून घरात एकी होती असं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या अनेक निवडणुकांत देशाचा नकाशा दोन रंगांत विभागला जाई. पश्चिम आणि मध्य भाग एका बाजूला, पूर्व आणि दक्षिण दुसऱ्या. २००४ मध्ये तसं झालं, २०१० मध्येही. नव्वदच्या दशकात मिकोला र्‍याबचुक या निबंधकाराने ‘दोन युक्रेन’ अशी मांडणी केली आणि ती जगभर उचलली गेली, मूळ लेखकाने घातलेल्या अटी गाळून. पत्रकारांनी तिची सोपी आवृत्ती केली : पश्चिमेकडे युक्रेनी बोलणारे युरोपवादी, पूर्वेकडे रशियन बोलणारे रशियावादी. २०२२ मध्ये रशियाचं सैन्य ज्या गृहीतावर सीमा ओलांडून आलं ते हेच होतं. रशियन बोलणारी शहरं फारसा विरोध न करता हाती येतील, असं त्यांना वाटलं.

खारकीव हे त्या गृहीताचं सर्वांत मोठं परीक्षाकेंद्र ठरलं. युक्रेनमधलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शहर रशियाच्या सीमेपासून अवघ्या तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. विद्यापीठांचं, कारखान्यांचं आणि छापखान्यांचं हे गाव. रस्त्यावरची, बाजारातली, घरातली भाषा रशियन. २०१४ च्या वसंतात इथे काय झालं होतं ते पाहा. १ मार्चला रशियाधार्जिण्या जमावाने प्रांताच्या प्रशासकीय इमारतीवर हल्ला चढवला. आत होते कीवमधल्या सरकारविरोधी मैदान आंदोलनाचे समर्थक, आणि त्यांच्यात कवी सेर्ही झादान. जमावाने त्यांना मारून रक्तबंबाळ केलं, गुडघे टेकायला सांगितलं, आणि झादान यांनी ते नाकारलं. एप्रिलमध्ये त्याच इमारतीतून ‘खारकीव लोकप्रजासत्ताक’ जाहीर करण्यात आलं. बाहेरून आलेल्या विशेष पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी ती इमारत मोकळी केली म्हणून खारकीवचं दोन्येत्स्क झालं नाही. शहर त्या वेळी खरोखर काठावर होतं.

पुढची आठ वर्षं खारकीवने जवळून पाहिली ती शेजारची स्थिती. रशियाधार्जिण्या बंडखोरांच्या हाती गेलेल्या दोन्येत्स्क आणि लुहान्स्कमधून पळून आलेली कुटुंबं इथेच येऊन राहिली. जखमी सैनिक इथल्याच लष्करी रुग्णालयात यायचे. तिकडे ‘रशियन जग’ आलं म्हणजे प्रत्यक्षात काय आलं, तर बंद पडलेल्या खाणी, बंदूकधाऱ्यांचा अंमल आणि तळघरांतले छळ, हे शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळालं. ओळख बदलते ती भाषणांनी क्वचित. भोवतालच्या माणसांचं काय झालं हे पाहून ती बदलते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे तोफगोळे पडू लागले. तीन दिवसांनी रशियन तुकड्या शहरात घुसल्या आणि दिवसभरात मागे रेटल्या गेल्या. १ मार्चला त्याच प्रांतिक प्रशासकीय इमारतीवर, स्वातंत्र्य चौकात, क्षेपणास्त्र आदळलं. हजारो लोक मेट्रोच्या स्थानकांत उतरले आणि कित्येक जण मे महिन्यात गाड्या पुन्हा सुरू होईपर्यंत तिथेच राहिले. त्या पहिल्या दिवसांत त्याच स्थानकांत आणि वसतिगृहांच्या तळघरांत भारतीय विद्यार्थीही होते. युक्रेनमध्ये तेव्हा सुमारे २० हजार भारतीय शिकत होते, बहुतेक वैद्यकीय शाखेचे, आणि त्यांत महाराष्ट्रातली मुलंही पुष्कळ होती. आपल्याकडच्या अनेक घरांत खारकीव हे नाव त्या आठवड्यात पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

आपण तोवर त्या देशाकडे बहुधा मॉस्कोच्या खिडकीतून पाहत आलो होतो. स्वस्त, देखणी सोव्हिएत पुस्तकं मराठीत वाचून वाढलेल्या पिढीला पोल्ताव्याजवळ जन्मलेला निकोलाय गोगोल रशियन लेखक म्हणूनच माहीत होता. त्याने लिहिलं रशियनमध्ये हे खरं. त्याच्या पहिल्या कथांमधलं गाव, जत्रा, भुतंखेतं, कोसॅक सगळं युक्रेनी आहे, हे आपल्याला कोणी फारसं सांगितलं नाही. साम्राज्याच्या भाषेतून आलेली पुस्तकं साम्राज्याच्या नजरेसकट येतात.

खारकीवने दार उघडलं नाही. मुख्य शहर रशियाच्या हाती लागलं नाही, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनी सैन्याने प्रांताचा बहुतेक व्यापलेला भाग सोडवला. बालाक्लिया गावात सैनिकांनी ‘आम्ही रशियासोबत एक जनता’ अशा आशयाचा मोठा फलक फाडला, तर त्याखाली जुना फलक निघाला. त्यावर तरास शेवचेंको या राष्ट्रकवीच्या ओळी होत्या. भूदासाच्या पोटी जन्मलेला, चोविसाव्या वर्षी विकत घेऊन मुक्त केला गेलेला हा कवी १८६१ मध्ये वारला. फलक फाडतानाची चित्रफीत जगभर पाहिली गेली.

आता यातलं युद्धाने काय केलं आणि आधीच काय होतं, हे वेगळं करायला हवं. युद्ध राष्ट्र घडवतं, असं विधान सहज केलं जातं. मला ते अर्धंच पटतं. २०१४ मध्ये युक्रेनचं सैन्य इतकं खिळखिळं होतं की लढण्याच्या स्थितीत असलेले सैनिक सुमारे सहा हजारच आहेत, असं तेव्हाच्या हंगामी संरक्षणमंत्र्यांनीच सांगितलं. त्या पोकळीत उभे राहिले ते स्वयंसेवक. कोणी बूट गोळा केले, कोणी चिलखतं, कोणी औषधं, कोणी रात्री पाहणाऱ्या दुर्बिणी. शाळांच्या व्यायामशाळांत बायका-मुलं बसून तोफा झाकायची जाळी विणू लागली. ‘जिवंत परत या’ या अर्थाच्या नावाची संस्था तेव्हाच सुरू झाली आणि आज ती देशातल्या सर्वांत मोठ्या निधींपैकी एक आहे. २०२२ च्या जूनमध्ये विनोदी कलाकार सेर्ही प्रितुला यांच्या संस्थेने लढाऊ ड्रोनसाठी लोकवर्गणी मागितली, तर तीन दिवसांत सुमारे ६० कोटी ह्रीव्निया जमले. तुर्की कंपनीने तीन ड्रोन फुकट दिले. मग त्या पैशातून सैन्यासाठी उपग्रहाच्या छायाचित्रांची सोय झाली.

ही सवय युद्धाने एका रात्रीत लावलेली नाही. तिची मुळं २०१३-१४ च्या मैदान आंदोलनात आहेत. तिथे स्वयंपाकघरं, दवाखाना, ग्रंथालय, पहारा सगळं लोकांनीच चालवलं होतं. त्या आंदोलनाला निमित्त झालेली फेसबुकवरची हाक दिली होती मुस्तफा नायेम या पत्रकाराने, ज्याचा जन्म काबूलचा. आंदोलनात गोळी लागून सर्वांत आधी मारल्या गेलेल्यांत सेर्ही निहोयान हा आर्मेनियन कुटुंबातला तरुण होता आणि मिखाइल झिझ्नेव्स्की हा बेलारूसचा. निहोयानने शेवचेंकोची कविता म्हटल्याची चित्रफीत आजही युक्रेनमध्ये घरोघरी माहीत आहे. युक्रेनी कोण, या प्रश्नाचं उत्तर कीवच्या त्या चौकात ‘जो इथे आपल्याबरोबर उभा आहे तो’ असं दिलं गेलं.

दुसरं मूळ फारसं कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ते कंटाळवाण्या कारभारात आहे. २०१४ नंतर युक्रेनने सत्तेचं विकेंद्रीकरण केलं. दहा हजारांहून अधिक लहान-लहान ग्रामसभा आणि नगरसभा एकत्र करून २०२० पर्यंत १,४६९ ‘ह्रोमादा’ तयार झाल्या. ह्रोमादा म्हणजे आसपासची काही गावं मिळून निवडलेलं स्थानिक सरकार. आपल्या ग्रामपंचायतीहून ते मोठं आणि पैशाच्या बाबतीत कितीतरी समर्थ आहे, कारण तिथे गोळा झालेल्या प्राप्तिकरातला मोठा हिस्सा, सुरुवातीला ६० टक्के, तिथेच राहतो. शाळेचं छप्पर, रस्ता, दवाखाना यांसाठी कीवकडे हात पसरायची गरज कमी झाली. आपण निवडलेल्या माणसाने आपल्या पैशाचं काय केलं, हे समोर दिसू लागलं. मार्च २०२२ मध्ये रशियन सैनिकांनी मेलितोपोलच्या महापौरांना, इव्हान फेदोरोव यांना, डोक्यावर पिशवी घालून पळवलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी गावकरी सशस्त्र सैनिकांसमोर जाऊन त्यांना सोडा म्हणून ओरडत होते. मेलितोपोल हे रशियन बोलणारं शहर आहे. लोक तिथे वंशासाठी किंवा भाषेसाठी जमले नव्हते. त्यांनी मत देऊन निवडलेला माणूस दुसऱ्या कोणीतरी उचलून नेला होता. खेरसोनमध्येही मार्चभर निळे-पिवळे झेंडे घेऊन लोक चौकात येत राहिले, अश्रुधूर आणि गोळ्या झेलत. शेवटी मोर्चे चिरडले गेले आणि झेंडे लपवले गेले. ११ नोव्हेंबरला शहर मुक्त झालं, त्या दिवशी ते पुन्हा बाहेर आले.

भाषेचं प्रकरण याहून अवघड आहे. २००१ च्या जनगणनेत ६७ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांनी युक्रेनी ही मातृभाषा सांगितली आणि सुमारे ३० टक्क्यांनी रशियन. प्रत्यक्ष वापरात रशियनचं पारडं याहून जड होतं. झारच्या काळात १८६३ आणि १८७६ च्या हुकमांनी युक्रेनीतलं छापणंच बहुतांशी बंद केलं होतं. सोव्हिएत काळात ती खेडवळांची भाषा मानली गेली. नोकरी, शहर, विज्ञान, प्रतिष्ठा सगळं रशियनमध्ये. २०२२ नंतर लाखो माणसांनी आपली रोजची भाषा बदलली. समाजशास्त्रज्ञ व्होलोदिमिर कुलिक यांच्या पाहण्यांनुसार रोजच्या व्यवहारात मुख्यतः युक्रेनी बोलणारे २०१७ मध्ये निम्म्याच्या आसपास होते, ते २०२२ च्या अखेरीस निम्म्याहून बरेच वर गेले. मुख्यतः रशियन बोलणारे त्याच काळात झपाट्याने घटले. एरवी अशा बदलाला दोन-तीन पिढ्या लागतात.

माणसं लहानपणची भाषा सोडतात तेव्हा काहीतरी तुटतं. आई-वडिलांशी बोलताना एक भाषा आणि मुलांशी दुसरी, अशी घरं आज युक्रेनमध्ये हजारोंनी आहेत. खंदकात मात्र रशियन बोलणारे सैनिक भरपूर आहेत आणि त्यांच्या निष्ठेवर कोणी बोट ठेवत नाही. अध्यक्ष झेलेन्स्की स्वतः क्रिवी रीह या औद्योगिक शहरात रशियन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात वाढले. दुसरीकडे २०१९ च्या भाषा कायद्याने दुकान, कचेरी, शाळा इथे युक्रेनी सक्तीची केली. युरोपीय परिषदेच्या व्हेनिस आयोगाने त्याच वर्षी, अल्पसंख्याकांच्या भाषांना त्यात पुरेसं संरक्षण नाही, असा आक्षेप घेतला. खारकीवच्या महापौरांना तर शहर बाँबहल्ल्यांखाली असताना, जाहीर संवाद रशियनमध्ये केल्याबद्दल दंड झाला. दडपलेल्या भाषेला आधार देणं मला न्याय्य वाटतं. पण नागरिकत्वाच्या ज्या उघड्या दारातून हा देश उभा राहिला, त्या दारावर भाषेची परीक्षा बसू नये, असंही मला तितक्याच ठामपणे वाटतं. या दोन गोष्टींची ओढाताण युक्रेनमध्ये रोज चालू आहे.

संस्कृतीचा प्रश्न तिथे इतका धारदार का, याचं उत्तर खारकीवमधल्याच एका इमारतीत मिळतं. १९३४ पर्यंत सोव्हिएत युक्रेनची राजधानी खारकीव होती. तिथे १९२० च्या दशकाच्या अखेरीस लेखकांसाठी ‘स्लोवो’ नावाची निवासी इमारत बांधण्यात आली. युक्रेनी साहित्याचा तो बहराचा काळ होता. काही वर्षांतच त्या घरांतून एकेक लेखक अटक होऊन जाऊ लागला. १९३२-३३ मध्ये धान्य सक्तीने उचलून नेल्यामुळे पडलेल्या दुष्काळात, ज्याला होलोदोमोर म्हणतात, युक्रेनमध्ये ३५ ते ४० लाख माणसं मेली असं बहुतेक लोकसंख्यातज्ज्ञ मानतात. त्याच काळात, मे १९३३ मध्ये, मिकोला ख्विल्योवी या लेखकाने स्लोवोमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. नाट्यदिग्दर्शक लेस कुर्बास आणि कितीतरी कवी-लेखकांना नोव्हेंबर १९३७ मध्ये उत्तर रशियातल्या सांदारमोखच्या जंगलात गोळ्या घातल्या गेल्या. मार्च २०२२ मध्ये रशियन तोफगोळ्यांनी स्लोवो इमारतीचं नुकसान केलं.

खारकीव प्रांतातल्याच कापितोलिवका गावात व्होलोदिमिर वाकुलेंको हे मुलांसाठी लिहिणारे लेखक रशियन ताब्यात अडकले. सैनिक न्यायला येणार हे ओळखून त्यांनी आपली दैनंदिनी बागेत चेरीच्या झाडाखाली पुरली. मार्च २०२२ मध्ये त्यांना नेलं आणि ठार मारलं. सप्टेंबरमध्ये गाव मोकळं झाल्यावर कादंबरीकार व्हिक्टोरिया आमेलिना तिथे गेल्या आणि त्यांनी ती वही उकरून काढली. आमेलिना यांचं बालपण ल्वीवमधलं, पण घरची भाषा रशियन. त्यांनी युक्रेनीत लिहायचं ठरवलं, आणि युद्ध सुरू झाल्यावर कादंबरी बाजूला ठेवून युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करायला घेतल्या. जून २०२३ मध्ये क्रामातोर्स्कमधल्या एका खानावळीवर क्षेपणास्त्र पडलं, त्यात त्या जखमी झाल्या आणि १ जुलैला गेल्या. वय ३७. आणि मे २०२४ मध्ये खारकीवच्या फाक्तोर-द्रुक या मोठ्या छापखान्यावर क्षेपणास्त्रं आदळली. सात कामगार मेले आणि सुमारे ५० हजार पुस्तकं जळाली. युक्रेनी माणसाला तीसच्या दशकातला इतिहास जुना वाटत नाही, तो या घटनांमुळे.

रस्त्यांची नावं बदलली जातात, पुतळे हलवले जातात, त्यामागे हीच जखम आहे. २०१९ च्या अखेरीस नववर्षाच्या भाषणात झेलेन्स्की यांनी, रस्त्यावर दिवे आणि डांबर असेल तर त्याचं नाव काय याने काही बिघडत नाही, अशा अर्थाचं म्हटलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये रशियन साम्राज्याशी निगडित नावं हटवण्याच्या कायद्यावर त्यांनीच सही केली. मधल्या काळात काय घडलं ते आपण जाणतो. ओदेसातला साम्राज्ञी कॅथरीनचा पुतळा डिसेंबर २०२२ मध्ये हलवला गेला. २०२३ मध्ये सरकारी नाताळ ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर आला.

या स्मृतीत एक गाठ आहे, ती लपवून चालणार नाही. स्तेपान बांदेरा या राष्ट्रवादी नेत्याविषयीचा आदर युद्धकाळात वाढला, कारण तो मॉस्कोविरुद्धच्या लढ्याचं प्रतीक झाला. पण त्याच्या नावाने चालणाऱ्या संघटनेच्या सशस्त्र दलाने १९४३ मध्ये व्होलिनिया भागात हजारो पोलिश गावकऱ्यांची कत्तल केली. बांदेरा स्वतः त्या वेळी जर्मनांच्या कैदेत होता, तरी त्या संघटनेच्या विचारातलं वंशाभिमानाचं विष नाकारता येत नाही. युक्रेनला आज सर्वाधिक आधार देणाऱ्या देशांपैकी एक पोलंडच आहे, आणि या प्रश्नावर दोन्हीकडे अजून घाव ओले आहेत. नागरिकत्वावर उभ्या राहू पाहणाऱ्या देशाने हा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. तिथल्या अनेक इतिहासकारांचंही तेच म्हणणं आहे.

वंशाच्या पलीकडे जाणारी ओळख किती खरी, हे क्रायमियाच्या तातारांकडे पाहून तपासता येतं. १८ मे १९४४ रोजी स्तालिनने या संपूर्ण मुस्लिम समाजाला, जवळजवळ दोन लाख माणसांना, मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हाकललं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते परतू लागले, पण नव्या युक्रेनने त्यांच्या जमिनीच्या आणि हक्कांच्या प्रश्नाकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं. २०१४ मध्ये रशियाने क्रायमिया बळकावल्यावर देशाला त्यांची आठवण झाली. २०२१ च्या कायद्याने त्यांना मूळनिवासी समाजाचा दर्जा मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये युक्रेनचे संरक्षणमंत्री झाले रुस्तेम उमेरोव, समरकंदमध्ये निर्वासित तातार कुटुंबात जन्मलेले. हे उशिरा झालं. पण झालं.

युद्ध लांबत गेलं तशा भेगाही दिसू लागल्या. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती, ती १८ ते २२ वयोगटासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये सैल झाली. भरतीचं किमान वय एप्रिल २०२४ मध्ये २७ वरून २५ वर आलं. रस्त्यात अडवून भरतीकेंद्रात नेलं जातं, अशा तक्रारी सतत येतात. आघाडीवर तीन-चार वर्षं सलग असलेला सैनिक आणि शहरातल्या कॅफेत बसलेला त्याच्या वयाचा तरुण यांच्यात एक अबोला आहे. ५० लाखांहून अधिक लोक परदेशात आहेत, त्यांची मुलं पोलिश आणि जर्मन शाळांत शिकत आहेत. परतणार कोण, आणि राहिलेले त्यांना कसं स्वीकारणार, हे अजून ठरायचं आहे.

सर्वांत कठीण स्थिती ताब्यातल्या प्रदेशातल्या माणसाची. तिथे निवृत्तिवेतन, औषधोपचार, घराची मालकी सगळं रशियन पासपोर्टला बांधलेलं आहे. शाळांत रशियन अभ्यासक्रम आहे. मुलांना बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी पुतिन यांच्याविरुद्ध अटकेचा हुकूम काढला. जगण्यासाठी ज्याने पासपोर्ट घेतला त्याला गद्दार कसं म्हणायचं? हा प्रश्न युक्रेनच्या न्यायालयांपुढे आणि गावागावांपुढे येणार आहे, आणि नागरिकत्वाची कल्पना किती मोठ्या मनाची आहे हे त्या वेळी कळेल.

तोवर एक कसोटी लागून गेली आहे. २२ जुलै २०२५ रोजी युक्रेनच्या संसदेने भ्रष्टाचारविरोधी तपास यंत्रणा आणि विशेष अभियोक्ता कार्यालय यांची स्वायत्तता काढून घेणारा कायदा घाईघाईने मंजूर केला. झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी सही केली. त्याच संध्याकाळी कीव, ल्वीव, द्निप्रो, ओदेसा इथे लोक रस्त्यावर आले. त्यांत बहुतेक विशी-पंचविशीची मुलं होती आणि हातांत पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेले फलक होते. खारकीवही त्यात होतं. मोठं आक्रमण सुरू झाल्यापासून सरकारविरोधात एवढी निदर्शनं पहिल्यांदाच होत होती. सैनिकही चौकात आले. दगड फेकले गेले नाहीत, संचारबंदीच्या आधी लोक घरी जात आणि दुसऱ्या दिवशी परत येत. शत्रूला फायदा होईल म्हणून गप्प बसा, हा युक्तिवाद त्यांनी ऐकून घेतला नाही. आपण ज्यासाठी लढतो आहोत त्यातच ही स्वायत्तता येते, असं त्यांचं म्हणणं होतं. युरोपीय संघाचाही दबाव होता. ३१ जुलैला पहाटे कीववर झालेल्या क्षेपणास्त्र आणि ड्रोनच्या हल्ल्यात तीसहून अधिक माणसं मेली. त्याच दिवशी संसद बसली, आणि ३३१ मतांनी, एकही विरोधी मत न पडता, त्या यंत्रणांची स्वायत्तता परत देण्यात आली. युक्रेनमध्ये गेल्या तीस वर्षांत जी नागरी ओळख घडली, तिचा याहून भक्कम पुरावा मला कुठल्याही पाहणीच्या आकड्यात सापडत नाही.